‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार



ज्या व्यासपीठावरून वेदान्त, अर्थकारण आणि राज्यघटना यांचा ऊहापोह होतो, त्या व्यासपीठावर चेंडू घेऊन येणाऱ्या वक्त्याकडे काही वडीलधारी मंडळी संशयाने पाहतील, याची आम्हांस कल्पना आहे. पण आपल्याच घरातील तरुण मंडळी शनिवारी रात्री इंग्लंडातले सामने पाहत जागी असतात, आणि लंडनच्या एखाद्या क्लबाचा पराभव झाला म्हणून रविवारी सकाळी चहाला तोंड लावीत नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कोल्हापूरकरांना तर यात नवल वाटायचे कारणच नाही. शाहू स्टेडियमवर एका पेठेची तालीम दुसऱ्या पेठेच्या तालमीशी भिडते, तेव्हा गावातला व्यवहार कसा थबकतो, हे त्यांनी आम्हांला शिकवावे.

प्रश्न असा आहे. एका माणसाने एखाद्या संघाला वैभवाच्या शिखरावर नेले. पुढे वर्षे लोटली, त्याची विद्या जुनी झाली, संघ हरू लागला. अशा वेळी त्या संघाच्या पाठीराख्यांनी ‘यांना आता काढा’ अशी मागणी करावी काय? एक पक्ष म्हणतो, ज्याच्या हातून प्रसाद घेतला त्याच्यावर हात उगारणे ही कृतघ्नता होय. दुसरा म्हणतो, क्लब ही काही पेन्शन देणारी कचेरी नव्हे. मागच्या यशाच्या भांडवलावर आजचा पराभव किती दिवस पोसायचा? दोन्ही पक्षांना अनुकूल असा पुरावा भरपूर आहे. म्हणून मोघम न बोलता आम्ही एकाच माणसाचे प्रकरण आपल्यापुढे मांडणार आहो. ते म्हणजे आर्सेनल क्लबाचे आर्सेन वेंगर.

इंग्लंडात प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात, आणि वेंगर यांच्या बाबतीत ते नाव खरोखर सार्थ होते. संघ निवडणे, डाव आखणे, खेळाडू विकत घेणे आणि विकणे, एवढेच काय, त्यांनी जेवावे काय हेसुद्धा तेच ठरवीत. स्ट्रासबुर्गकडचा हा फ्रेंच गृहस्थ अर्थशास्त्राचा पदवीधर. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नागोयाच्या क्लबातून तो लंडनला आला, तेव्हा ‘हा कोण बुवा?’ असेच सर्वांनी विचारले. त्याने आल्या आल्या खेळाडूंची चॉकलेटे बंद केली आणि उकडलेल्या भाज्या नि वाफवलेले मासे पुढे ठेवले. चॉकलेट परत द्या म्हणून खेळाडूंनी बसमध्ये घोषणा दिल्याची कथा सांगतात. पण पहिल्याच पूर्ण हंगामात, १९९७-९८ साली, लीग आणि एफ. ए. कप ही दोन्ही अजिंक्यपदे त्याने मिळवून दिली, आणि २००१-०२ साली पुन्हा. मग आला २००३-०४ चा हंगाम. ३८ सामने, २६ जिंकले, १२ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये असा अजिंक्य हंगाम त्यापूर्वी फक्त प्रेस्टनच्या संघाने १८८८-८९ साली काढला होता, आणि तोही अवघ्या २२ सामन्यांचा. आर्सेनलची ही अपराजित वाटचाल ४९ सामन्यांपर्यंत चालली.

आता उतरंड. २००६ साली क्लबाने हायबरीचे जुने, सुमारे ३८ हजार प्रेक्षकांचे मैदान सोडले आणि जवळच ६० हजारांचे नवे स्टेडियम बांधले. खर्च ३९ कोटी पौंडांच्या घरात गेला. ते कर्ज फेडायचे म्हणजे हात आखडता घेणे आलेच. उत्तम खेळाडू तयार व्हावे आणि विकले जावे, असा क्रम सुरू झाला. २००७ साली हेन्री गेला, २०११ साली फाब्रेगास आणि नास्री गेले. २०१२ साली फान पर्सी गेला, तोही कट्टर प्रतिस्पर्धी मॅंचेस्टर युनायटेडकडे, आणि पुढच्याच हंगामात त्याने त्यांना लीग जिंकून दिली. २००५ पासून २०१४ पर्यंत आर्सेनलच्या कपाटात एकही करंडक आला नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये मॅंचेस्टरला ८-२ असा दारुण पराभव झाला. २०१४ च्या मार्चमध्ये वेंगर यांचा हजारावा सामना होता. त्या मंगल दिवशी चेल्सीने सहा गोल चढवले.

पाठीराख्यांचा संयम याच वर्षांत सुटत गेला. २०१४ च्या डिसेंबरात स्टोकहून हरून परतताना रेल्वे स्टेशनवर काही मंडळींनी साठी ओलांडलेल्या या माणसाला तोंडावर शिव्या दिल्या. आणि २०१७ च्या मार्चात तर गंमतच झाली. वेस्ट ब्रॉमविचला सामना चालू असताना आकाशात एक विमान आले. त्याच्या शेपटीला कापडी फलक होता: वेंगरना नवा करार नको, त्यांना घालवा. थोड्या वेळाने दुसरे विमान आले, त्याच्या शेपटीला वेंगर यांच्यावर आमचा विश्वास आहे असे सांगणारा फलक. खाली संघ ३-१ ने हरला. लोकांनी वर्गणी काढून आकाशात वाद घालावा आणि जमिनीवरचा खेळ त्या वादाकडे दुर्लक्ष करून बिघडत राहावा, असे हे दृश्य होते.

या दोन विमानांपैकी खरे कोणाचे?

पाठीराखा म्हणजे कोण, हे आधी पाहिले पाहिजे. तो मालक नव्हे, नोकर नव्हे, आणि गिऱ्हाईक तर मुळीच नव्हे. किराणा दुकानात डाळ खराब निघाली, तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. आर्सेनलचा माणूस मात्र काही झाले तरी शेजारच्या टॉटनहॅमच्या मैदानावर जाऊन बसणार नाही. बापाने आणि आजोबाने ज्या संघासाठी घसा कोरडा केला तो संघ सोडणे म्हणजे त्याला आडनाव बदलण्यासारखे आहे. बरे, तो फुकट येतो असेही नाही. आर्सेनलच्या हंगामी तिकिटांत स्वस्तात स्वस्त तिकीटही त्या काळी हजार पौंडांच्या आसपास होते. ज्याला दुकान बदलता येत नाही, त्याच्याजवळ दोनच साधने उरतात: आपला आवाज आणि आपली रिकामी खुर्ची. म्हणून ‘प्रेक्षकाने गप्प बसावे, हे जाणत्यांचे काम आहे’ असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. बोलण्याचा त्याला अधिकार आहे. तो त्याने केव्हा आणि कोणाच्या दारात जाऊन वापरावा, एवढाच मुद्दा राहतो.

आता, आवाज उठवून काही साधते काय? नेदरलॅंड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तेथील वरच्या लीगची १९८६ ते २००४ या वर्षांची तपासणी केली आहे. संघ घसरू लागला की प्रशिक्षकाला काढतात, आणि नंतर संघ सावरतो. म्हणून काढणे योग्य होते असे सर्वजण म्हणतात. तेर वेल यांनी तसेच घसरलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ शेजारी ठेवून पाहिले. तेही तसेच सावरले होते! पडसे औषधाने सात दिवसांत आणि औषधाशिवाय आठवड्यात बरे होते, हे आपले वैद्य पूर्वीपासून सांगतातच.

याच्याच जोडीला अॅलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण हटकून दिले जाते. अॅबर्डीनमध्ये पराक्रम गाजवून ते १९८६ साली मॅंचेस्टर युनायटेडमध्ये आले. तीन वर्षे काही हाती लागले नाही, तेव्हा १९८९ च्या डिसेंबरात एका पाठीराख्याने ‘आता चालते व्हा’ अशा अर्थाचा फलक त्यांच्याच मैदानावर उभारला. संचालकांनी ऐकले नाही. १९९० साली एफ. ए. कप आला, १९९३ साली लीग आली, आणि २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा लीगची तेरा अजिंक्यपदे त्यांच्या नावावर होती. ही कथा ऐकवून ‘पाहा, धीर धरा’ असे सांगतात. आम्हांला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. नवसाला पावलेल्या देवळात जशा नवस फेडणाऱ्यांच्याच घंटा टांगलेल्या दिसतात, तसा हा प्रकार आहे. ज्यांना धीर धरून ठेवले आणि ज्यांच्या हातून पुढे काहीच झाले नाही, अशा प्रशिक्षकांची गोष्ट कोण सांगतो? शिवाय फर्ग्युसन तेव्हा पायाचे दगड रचीत होते. वेंगर यांचा कळस बसून दहा वर्षे होऊन गेली होती.

म्हणून आमचे मत असे, की वेंगर यांच्याविरुद्ध जी ओरड झाली, ती २०११ साली अन्यायाची होती आणि २०१६ नंतर न्यायाची होती. माणूस तोच, मागणी तीच. मधल्या काळात बदलली ती सबब. २०११ साली क्लबाच्या डोक्यावर स्टेडियमचे कर्ज होते. ते फेडेपर्यंत वेंगर जागेवर राहतील, याची हमी बॅंकांना हवी होती, असे वेंगर यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. अशा स्थितीतही ते संघाला वर्षानुवर्षे पहिल्या चारांत ठेवीत होते. रिकाम्या कोठारातून रोजचे जेवण वाढणाऱ्या सुगरणीला पंचपक्वान्ने का नाहीत म्हणून बोलण्यासारखी ती ओरड होती. पण पुढे कोठार भरले. २०१३ साली त्यांनी सव्वाचार कोटी पौंड मोजून ओझिल आणला, पुढल्या वर्षी सांचेझ आणला. २०१४ आणि २०१५ साली एफ. ए. कप जिंकला. आणि मग २०१५ च्या उन्हाळ्यात, खिशात पैसे असताना, पहिल्या संघासाठी त्यांनी चेक नावाचा एक गोलरक्षक तेवढा विकत घेतला. मैदानात धावणारा खेळाडू एकही घेतला नाही.

त्याच हंगामात काय घडले? सगळे श्रीमंत संघ एकाच वेळी ठेचकाळले. मार्ग मोकळा होता. आणि त्या मोकळ्या मार्गाने कोण गेले, तर लेस्टर! हंगामापूर्वी ज्यांच्यावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव लावला होता, त्या लेस्टरने ८१ गुण मिळवून लीग जिंकली. आर्सेनल दुसरे, पण ७१ गुणांवर. त्या दिवशी ‘पैसा नाही’ ही सबब संपली. कारण ज्यांच्याजवळ खरोखर पैसा नव्हता ते जिंकून गेले होते. युरोपातल्या स्पर्धेची तऱ्हा तीच. २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे आर्सेनल शेवटच्या सोळांत पोचे आणि तेथेच गारद होई. शेवटच्या खेपेला बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून १०-२ अशी धूळ चारली. एखाद्या विद्यार्थ्याने एकाच इयत्तेत सात वर्षे काढली, तर त्याच्या बुद्धीविषयी नव्हे, पण त्याच्या अभ्यासाच्या रीतीविषयी शंका घ्यावीच लागते. पाठीराख्याला ड्रेसिंग रूममधले काही कळत नाही, हे मान्य. पण सात वर्षे तीच भिंत आणि त्याच भिंतीवर तेच डोके, हे पाहायला ड्रेसिंग रूममध्ये जावे लागत नाही.

‘पण कृतज्ञता?’ असे कोणी विचारील. कृतज्ञतेने माणसे गप्प बसली तर काय होते, हे नॉटिंगहॅमने पाहिले आहे. ब्रायन क्लफ यांनी १९७५ साली दुसऱ्या वर्गात रखडणारा नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ हाती घेतला. १९७८ साली इंग्लंडची लीग जिंकली, १९७९ आणि १९८० साली लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. एका मध्यम शहरातल्या संघाने हे करणे म्हणजे चमत्कारच. (लीगमध्ये ४२ सामने अपराजित राहण्याचा त्यांचा विक्रमही होता, तो २००४ साली मोडला वेंगर यांनीच.) पुढे क्लफ थकले. दारूने त्यांचे शरीर पोखरले होते, आणि चेहऱ्यावरून ते सर्वांना दिसत होते. १९९२-९३ साली संघ तळाला गेला, तरी गावातून त्यांच्याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही. १ मे १९९३ रोजी स्वतःच्या मैदानावर शेफील्ड युनायटेडकडून हरून फॉरेस्ट खालच्या वर्गात ढकलले गेले, आणि सारे मैदान त्या क्षणी क्लफ यांच्या नावाने गात होते. हे दृश्य पाहून डोळे भरून येतात. पण त्या प्रेमाने क्लफ यांना वेळीच घरी पाठवले असते, तर त्यांचेही भले झाले असते आणि संघाचेही, असे आम्हांला वाटल्यावाचून राहत नाही. आमच्याकडे मनूने गृहस्थाला अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की वनाची वाट धरायला सांगितले आहे. हे सांगण्याची गरज पडली, याचाच अर्थ आपण होऊन ती वाट धरणारे त्या काळीही थोडेच असावेत. विजय मर्चंट १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून कसोटीतून बाजूला झाले, ते अपवाद म्हणूनच आपण अजून त्यांचे नाव घेतो.

याच्या उलट टोक पाहायचे तर पुन्हा लेस्टरलाच गेले पाहिजे. ज्या रानिएरी यांनी २०१६ च्या मे महिन्यात ते अशक्य अजिंक्यपद आणले, त्यांना मालकांनी २०१७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे नऊ महिन्यांत काढून टाकले. संघ सतराव्या स्थानी घसरला होता, हे खरे. त्यांच्या साहाय्यकाने पुढचे पाच लीग सामने ओळीने जिंकले, हेही खरे. तरीसुद्धा गावातली माणसे हळहळली. येथे हिशेब मालकाच्या बाजूचा होता, पण गावाचे मन त्या हिशेबात बसत नव्हते. एका वाईट हिवाळ्यात आणि सात वर्षांच्या भिंतीत फरक आहे. तो त्या गावाला कळला, मालकांना कळला नाही. आणि गंमत अशी, की ज्या साहाय्यकाने ते पाच सामने जिंकले, त्यालाही त्याच वर्षी ऑक्टोबरात काढण्यात आले.

आता आमचा खरा मुद्दा. वेंगर यांच्याविरुद्धची मागणी २०१७ साली रास्त होती, असे आम्ही म्हटले. पण ती चुकीच्या पत्त्यावर गेली. विमान वेंगर यांच्या डोक्यावर फिरले. स्टेशनावरच्या शिव्या वेंगर यांनी खाल्ल्या. करार द्यायचा की नाही हे ठरवणारे संचालक मात्र काचेच्या आड बसून होते, आणि क्लबाचे मोठे मालक स्टॅन क्रोंके अमेरिकेत. हे गृहस्थ इतके अबोल, की ‘मौनी स्टॅन’ असे त्यांचे नावच पडले होते. ६० हजार लोकांचा राग एका फ्रेंच म्हाताऱ्याने आपल्या लांब कोटावर झेलावा, याहून मालकाला सोयीचे काय असणार? जोवर ‘वेंगर जा’ ही घोषणा चालू होती, तोवर ‘मालका, तू या क्लबाचे काय करणार आहेस?’ असे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. वेंगर केवळ मॅनेजर नव्हते, मालकाची ढालही होते. आणि ढालीवर घाव घालून दमलेली माणसे ढालीमागच्याकडे पाहत नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात त्यांनी चेल्सीला हरवून सातवा एफ. ए. कप जिंकला, आणि मालकांनी लगेच दोन वर्षांचा करार पुढे केला. अवघड निर्णय टळला, एवढेच त्यात साधले.

शेवटी ज्याने काम केले तो आवाज नव्हता, ती रिकामी खुर्ची होती. २०१७-१८ च्या हंगामात स्टेडियममध्ये लाल खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या दिसू लागल्या. क्लब हजेरीचा आकडा जाहीर करी तो विकलेल्या तिकिटांचा. म्हणून कागदावर मैदान भरलेले आणि डोळ्यांना उजाड. हे चित्र मालकाच्या काचेआडूनही दिसते. २० एप्रिल २०१८ रोजी वेंगर जाणार असल्याचे जाहीर झाले. कराराचे एक वर्ष शिल्लक होते.

ते गेल्यावर आर्सेनल उजळले काय? मुळीच नाही. एमेरी आले, ते दीड वर्षात गेले. मग वेंगर यांच्याच हाताखाली खेळलेले मिकेल आर्टेटा आले, आणि संघ लागोपाठ दोन वर्षे आठवा आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बड्या क्लबांनी आपली स्वतंत्र स्पर्धा काढण्याचा घाट घातला आणि आर्सेनलही त्यात सामील झाले. तेव्हा कोठे हजारो पाठीराखे स्टेडियमबाहेर जमले, आणि या वेळी त्यांच्या घोषणांत क्रोंके यांचे नाव होते. राग योग्य दारात पोचायला असा वेळ लागला. त्यानंतरच्या हंगामात पहिले तिन्ही सामने एकही गोल न करता हरून संघ तळाला गेला. आर्टेटांना काढा, अशी हाकाटी पुन्हा झाली. या खेपेला ती फुकट होती, कारण ते दगड रचीत होते. २०२२-२३ पासून २०२४-२५ पर्यंत सलग तीन हंगाम आर्सेनल दुसरे आले.

वेंगर यांचा घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना ६ मे २०१८ रोजी बर्नलीशी झाला. आर्सेनलने पाच गोल केले. नंतर ते माइकसमोर उभे राहिले, आणि बोलायला सुरुवात केली ती फर्ग्युसन यांना आराम पडावा अशी इच्छा व्यक्त करून. तो जुना प्रतिस्पर्धी आदल्याच दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने इस्पितळात गेला होता. मग त्यांनी समोरच्या माणसांना, ज्यांपैकी कित्येकांनी वर्षभर त्यांना ‘जा’ म्हणून सांगितले होते, पुढच्या हंगामात संघाच्या पाठीशी राहायची विनंती केली. त्या दिवशी कोणी शिवी दिली नाही. त्यानंतर त्या मैदानावर सामना पाहायला ते प्रथम आले ते २६ डिसेंबर २०२२ रोजी, साडेचार वर्षांनी. २०२३ च्या जुलैत क्लबाने स्टेडियमबाहेर त्यांचा कांस्य पुतळा उभा केला आहे. दोन्ही हातांनी लीगचा करंडक डोक्यावर धरलेला. ज्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या, त्यांवर बसणारी माणसे आता त्याच्या बाजूने आत जातात.